खिळ्याखालचा फोटो

चौसाळ्याच्या सुंदरराव आबांना आजवर कोणीही फसवू शकलेलं नव्हतं. हे आमचं मत नाही हो, खुद्द आबांचं! हायवेच्या कडेच्या हॉटेलात सकाळचा पहिला चहा पोटात गेला की ते जाहीर करायचे,

"माणूस चहाचा कप खाली कसा ठेवतो ना, त्याच्यावरून त्याच्या पोटात काय हाय ते सांगतो मी!"

त्यामुळे समोर बसलेली मंडळी कप खाली ठेवायलाच घाबरायची. चहा संपला तरी रिकामा कप हातात धरून बसायची, आणि हॉटेलवाल्याला एकेकाकडून तो मागून घ्यावा लागायचा.

दूधवाला हसला तर दुधात पाणी, आणि हसला नाही तर नक्कीच पाणी, असा आबांचा हिशेब होता. एका बियाण्याच्या कंपनीने गावात फुकट टोप्या वाटल्या, तर आबांनी आपल्या टोपीची शिवण उसवून आत काय आहे ते बघितलं. आत काहीच नव्हतं. मग तर संशय आणखीच वाढला! त्यांच्या पत्नी शिवकन्याबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "अवं, लग्नात मी हार घालाया गेले, तर ह्यांनी आदी हार निरखून बघितला, मग मला!"

पण याच संशयाच्या जोरावर आबांनी गावच्या सेवा सोसायटीचं चेअरमनपद दोन तपं सांभाळलं होतं. त्यांच्या खुर्चीखाली काय शिजतंय ते त्यांना शिजवणाऱ्याच्या आधी कळायचं. आता पुन्हा निवडणूक लागली होती. बाकीच्या जागा गावाने आपसात वाटून घेतल्या होत्या. एका जागेवर मात्र दोघं अडून बसले होते, आबा आणि उत्तरेश्वर. जो निवडून येईल तोच चेअरमन, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उत्तरेश्वर आबांचा जुना विरोधक. वयाने वीसेक वर्षांनी लहान, पण संशय घेण्यात आबांच्याच तालमीत तयार झालेला. येत्या सोमवारी अर्ज मागे घ्यायची मुदत संपत होती.

"मी मेलो तरच ती खुर्ची सोडीन!" असं आबांनी भर हॉटेलात सांगून ठेवलं होतं. हे वाक्य जरा लक्षात असू द्या.

मधेच एक झालं. शेतात उभ्या उभ्या आबांना भोवळ आली. मुलगा अमरसिंह त्यांना गाडीत घालून बीडला घेऊन गेला. रक्त झालं, छातीचा फोटो झाला, वायरी लावून झाल्या. दोन दिवसांनी रिपोर्ट अमरसिंहाच्या मोबाईलवर आले. त्याने मोबाईल वरखाली केला आणि म्हणाला,

"काय न्हाई आबा. सगळं चांगलं हाय."

"सगळं?"

"सगळं."

एवढ्या तपासण्यांत एकही गोष्ट बिघडलेली नाही? आबांनी मुलाकडे नीट पाहिलं. तेवढ्यात अमरसिंहाने हातातला चहाचा कप जरा घाईने खाली ठेवला. झालं! आबांच्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली.

शनिवारी नात तेजश्री पुण्याहून आली. ती तिथे आर्किटेक्टचं शिकत होती. एरवी ती येताना मळके कपडे आणि भूक घेऊन यायची. या वेळी तिच्या गळ्यात एक लोखंडी धूड लटकत होतं.

"हे काय आणलंस ग?"

"कॅमेरा आबा! रेंजफाइंडर. रशियातला आहे. पप्पांपेक्षा वयाने मोठा! जुन्या बाजारात मिळाला, दोन जुन्या लेन्सही मिळाल्या. आज पहिल्यांदा वापरून बघणार आहे."

आबांनी तो हातात घेतला. अर्ध्या किलोच्या मापाएवढा जड. त्यांनी उलटा करून बघितला, हलवून बघितला, कानाला लावून बघितला.

"ह्याच्यात फोटो दिसतो कुठं?"

"दिसत नाही. आत रोल असतो. पुण्याला नेऊन धुतला की मग कळतं."

"म्हंजे काढायच्या टायमाला काय काढलं ते काढणाऱ्यालाबी कळत न्हाई?"

"नाही ना! तीच तर गंमत आहे!"

आबांना यात गंमत कुठे आहे ते कळेना. ज्याचा पुरावा जागेवर मिळत नाही, असा कारभार त्यांनी सोसायटीत कधी चालू दिला नव्हता.

"आन हे भिंग. ह्याच्यातून बघायचं?"

"नाही आबा. या कॅमेऱ्यात भिंगातून बघतच नाहीत. वर कोपऱ्यात ही वेगळी खिडकी आहे ना, हिच्यातून बघायचं. आणि भिंगाला हात नका लावू. विकणाऱ्या काकांनी बजावलंय, उन्हात झाकण लावूनच ठेव, नाहीतर आतला पडदा जळतो. कापडाचा असतो तो."

बघायचं एका भोकातून आणि फोटो काढायचा दुसऱ्या भोकातून! असल्या दुतोंडी माणसांना आबांनी राजकारणात चांगलं ओळखून ठेवलं होतं. यंत्र मात्र पहिल्यांदाच पाहिलं.

"चला, पहिला तुमचाच काढते," तेजश्री म्हणाली. "जुनी लेन्स किती बारीक टिपते ते सुरकुत्यांवर कळतं. आणि घरात तुमच्याइतक्या सुरकुत्या कुणाला नाहीत!"

तिने खुर्ची ओसरीत भिंतीशी ठेवली. आता ही भिंत तुम्हाला सांगितली पाहिजे. घर अलीकडचंच, स्लॅबचं, टाइल्स बसवलेलं. पण ओसरीच्या त्या भिंतीवर ओळीने तीन खिळे. पहिल्यावर आबांच्या आजोबांचा फोटो, दुसऱ्यावर वडिलांचा, दोन्हींना चंदनाचे हार. तिसऱ्या खिळ्यावर खताच्या कंपनीचं कॅलेंडर. तेजश्रीने नेमकी तिसऱ्या खिळ्याखाली खुर्ची मांडली आणि कॅलेंडर उतरवून बाजूला ठेवलं.

"कॅलेंडर कावून काढलं?"

"मागे साधी भिंत पाहिजे. बसा सरळ. टोपी नीट करा. हनुवटी जरा वर."

आबा बसले. वर मान करून बघितलं तर डोक्यावर रिकामा खिळा!

"हसू का ग?"

"नको नको! गंभीर बसा. छान वाटतं."

तिने मोबाईल काढून आबांच्या कपाळापाशी धरला. कोरोनात ते पिस्तुलासारखं यंत्र धरायचे ना, अगदी तसंच. त्यावरचा आकडा बघून तिने तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"काही नाही. कमी आहे. चालेल, उरकून घेऊ."

उजेड कमी आहे, असं तिला म्हणायचं होतं. ती तेवढं म्हणाली नाही आणि आबांनी विचारलं नाही. मग तिने खिडकीला डोळा लावून भिंगाची कडी फिरवायला सुरुवात केली.

"आबा, तुम्ही दोन दिसताय... थांबा, या कॅमेऱ्यात असंच असतं, दोन चित्रं एकावर एक आणायची... दोन आहेत... दोन... हां, आता एकच राहिले!"

"दुसरा कुठं गेला?"

"गेला! आता श्वास धरा."

"किती येळ?"

"मी सांगेपर्यंत!"

आबांनी श्वास धरला आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्या भिंगात चमक म्हणून नव्हती. काळं म्हणजे काळंकुट्ट! कुणी डोळा मिटून आपल्याकडे बघावं तसं. आबांना शंका आली. पण श्वास धरलेला असल्यामुळे ती बोलून दाखवता आली नाही.

खट्ट!

"झाला. आता दुसऱ्या लेन्सने, अगदी असाच."

"रंगीत हाय ना?"

"नाही आबा. काळापांढरा."

आबांनी मान वळवून शेजारच्या हार घातलेल्या दोन फोटोंकडे पाहिलं. तेही काळेपांढरेच!

चौसाळ्यात हल्ली फोटोंना काही तोटा नाही. बैलाचा फोटो, गाडीचा फोटो, ताटातल्या भाकरीचा फोटो, सगळे मोबाईलवर. पण एकट्या म्हाताऱ्याला खुर्चीत सरळ बसवून, टोपी नीट करून, मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढला की त्याचा अर्थ गावात एकच. डॉक्टरने हात टेकले, आणि भिंतीसाठी बरा फोटो पाहिजे! आबांना चांगलं ठाऊक होतं, कारण वडिलांच्या वेळी बीडहून स्टुडिओवाला त्यांनीच आणला होता. वडिलांनी विचारलं होतं, "हसू का रे?" आणि आबा म्हणाले होते, "नको." वडिलांनी विचारलं होतं, "कशापायी काढायलास?" आबा म्हणाले होते, "असाच. आठवण म्हून."

आबांनी नातीला विचारलं,

"तेजू, फोटो कशापायी काढायलीस ग?"

"असाच हो आबा! आठवण!"

त्या दुपारी आबा जेवले नाहीत.

बाहेर सटवा आला होता. सटवा धनगर. दरवर्षी सुगी झाली की त्याची मेंढरं आबांच्या रानात बसायची आणि रानाला लेंडीखत मिळायचं. तेजश्रीने त्याच्याकडे कॅमेरा वळवला, तसा तो दोन पावलं मागे सरला.

"माजा नको ताई! ह्या एडक्याचा काढा."

एडक्याचा काढून झाल्यावर सटवाने हळूच विचारलं, "आबांचाबी काढला म्हनं?"

"हो, दोन काढले. खुर्चीत बसवून."

"काळापांढरा?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

सटवाने हातातली काठी खाली टाकली. डोक्याचा पटका काढून तो थेट ओसरीत आला, आबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला,

"आबा, काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाला!"

"कावून बे सटवा? काय झालं?"

"काय न्हाई आबा. असंच."

पुन्हा "असंच"! सटवा डोळे पुसत निघून गेला. जाताजाता त्याने त्या बिचाऱ्या एडक्याच्याही गळ्यात लिंबू-मिरची बांधली.

रविवारी सकाळी तेजश्री पुण्याला परत गेली. तिचा सबंध रोल संपला होता. गाडीत बसताना तिने कॅमेरा ओढणीत गुंडाळून घेतला आणि हात हलवला. आबांनी ओसरीत येऊन भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडर अजून खालीच पडलेलं. खिळा रिकामा!

आता आबांसारखा मुरलेला माणूस सरळ विचारेल होय? त्यांनी आडून चाचपणी सुरू केली.

"शिवकन्ये, अमरसिंह तुला कायी बोलला का?"

"कशाबद्दल?"

"काय न्हाई. माजी ती नवी टोपी धुऊन ठेव. लागंल."

शिवकन्याबाईंच्या हातातली परात निसटली. टोपी लागेल? कुठे लागेल? हे काय बोलायलेत? म्हणजे डॉक्टरने ह्यांना एकट्याला काहीतरी सांगितलंय आणि हे लपवायलेत! त्या पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेल्या. दुपारी आबांच्या ताटात पुरणपोळी आली. वर तुपाची धार! अहो, आबांच्या साखरेवर त्या माउलीचा इतका पहारा होता की चहातही दाणे मोजून पडायचे.

"आज काय सण हाय?"

"न्हाई. खावा तुमी. किती खायची तितकी खावा." आणि हुंदका!

आबांनी पोळी खाल्ली. तीन खाल्ल्या. पण प्रत्येक घासाला त्यांची खात्री वाढत गेली.

अमरसिंह घरी आला तेव्हा आई चुलीपाशी रडत होती.

"आई, कावून रडायलीस?"

"तुज्या बापालाच इचार! समदं मनात ठेवून बसलेत!"

अमरसिंह घाबरला. बापाला काहीतरी झालंय आणि तो आपल्याला सांगत नाही! तो मोबाईल घेऊन गच्चीवर पळाला. आबा दबक्या पावलांनी जिन्यात जाऊन उभे राहिले. गुडघे दुखत होते, पण संशयापुढे गुडघ्यांचं काय चालतंय!

"डॉक्टरसाहेब," वरून अमरसिंहाचा आवाज आला, "काय असंल ते मला खरंखरं सांगा. आबांना यातलं कायी कळू देऊ नका... हां... हां... म्हंजे तेवढंच? ... बरं बरं. न्हाई, त्यांना न्हाई सांगत."

आबा जिन्यातच बसले. संपलं सगळं! ज्याला कोणी फसवू शकलं नव्हतं, त्याला घरच्यांनी एका कॅमेऱ्याने गाठलं होतं. खरं सांगायचं तर त्यांना मरणाची भीती वाटली. वडिलांनाही त्या खुर्चीत असंच वाटलं असेल का, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांचे डोळे भरून आले.

मन रमवायला म्हणून ते हॉटेलात गेले. ते आत शिरताच बोलणं थांबलं. सटवाने बातमी मेंढरांबरोबर गावभर फिरवली होती.

"बसा आबा. कसं वाटायलंय?" एकाने विचारलं. गेल्या चाळीस वर्षांत आबांना त्या हॉटेलात कसं वाटतंय हे कोणी विचारलं नव्हतं. आणि मग सगळ्यांनी आपापले कप खाली ठेवले. हळूच. जराही आवाज न करता!

आबांनी ते पाहिलं आणि त्यांना आणखी पुराव्याची गरज उरली नाही.

त्यांनी मनाशी ठरवलं. मेलो तरच खुर्ची सोडीन, असं आपण म्हणालो होतो. मग शब्दाप्रमाणे वागायचं. नाहीतर उद्या लोक म्हणतील, म्हातारा तिरडीवर पण खुर्चीसकट गेला. शिवाय आणखी एक विचार होता, आणि तो आबांनी कुणालाच सांगितला नाही. घरच्या भिंतीवर फोटो काय, सगळ्यांचेच लागतात. आपला फोटो सोसायटीच्या कचेरीत लागला पाहिजे. चेअरमनच्या खुर्चीच्या बरोबर वर!

सोमवारी आबा एकटेच एसटीने बीडला गेले. निवडणुकीच्या कचेरीच्या व्हरांड्यात उत्तरेश्वर चार माणसं घेऊन उभा होता. आबांनी त्याला बाजूला घेतलं.

"उत्तरेश्वर, मी अर्ज मागं घ्यायलोय."

उत्तरेश्वर हसला नाही. त्याचे डोळे बारीक झाले.

"कावून?"

"असंच."

"आबा, मी काय आज जल्मलोय का? तुमी अन् असंच? सोसायटीत कायतरी भानगड हाय. तपासणी लागायली असंल. मला खुर्चीत बसवून तुमी बाजूला!"

"भानगड न्हाई बे! तुला खुर्ची द्यायलोय!"

"म्हनूनच तर! मला नको!"

"घे!"

"न्हाई घेत! मग मीबी अर्ज मागं घेतो!"

आता झाली का पंचाईत! जन्मभर ज्या खुर्चीसाठी दोघं एकमेकांचे पाय ओढत आले, ती आता दोघंही एकमेकांच्या अंगावर ढकलायला लागले. कचेरीतला शिपाई बाहेर येऊन बघायला लागला. शेवटी आबांचा बांध फुटला.

"आरं, माझा फोटो काढलाय घरच्यांनी! खुर्चीत बसवून. खिळ्यावरचं कॅलेंडर काढून. श्वास धरायला लावून!"

"रंगीत?"

"काळापांढरा."

उत्तरेश्वरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने आबांचा हात हातात घेतला. कितीही झालं तरी लहानपणी आबांच्याच खांद्यावर बसून त्याने जत्रा बघितली होती.

"आबा! कवा सांगितलं डॉक्टरनं?"

"मला कोण सांगतंय? पण मी ओळखलं. एकच मागणं हाय. सोसायटीच्या कचेरीत माझा फोटो लाव. तुझ्या खुर्चीच्या वर. अन् पहिला हार तू घालायचा."

"घालीन आबा! चंदनाचा घालीन!" उत्तरेश्वर रडायला लागला, आबाही रडायला लागले, आणि शिपायाने दोघांना पाणी आणून दिलं. मग आबांनी सही केली आणि उत्तरेश्वर बिनविरोध निवडून आला. त्याच संध्याकाळी त्याने सोसायटीत चेअरमनच्या खुर्चीवर भिंतीत एक नवा कोरा खिळा ठोकून घेतला.

आबा घरी आले ते अगदी हलके होऊन. सगळ्यांना ओसरीत बोलावलं. सटवाही बकरीच्या दुधाचा तांब्या घेऊन कोपऱ्यात बसला.

"मला समदं कळलंय," आबा म्हणाले. "आता लपवू नका. किती दिस हायेत तेवढं सांगा."

अमरसिंह आईकडे बघायला लागला. आई अमरसिंहाकडे.

"कशाचे दिस?" अमरसिंह म्हणाला. "आबा, आमी तुमाला इचारणार होतो. तुमाला डॉक्टरनं काय सांगितलं?"

"मला? तूच गच्चीवर त्याच्यासंगं बोललास! तेवढंच म्हनलास! आबांना सांगू नका म्हनलास!"

"अवं, आई रडायली म्हून फोन केलता! मी तुमच्या पाठीमागं चौकशी करायलोय हे तुमाला कळलं असतं तर तुमी मला सोडलं असतं का? डॉक्टर म्हनले, जरा साखर वाढलीय, मोबाईलवर माज्या नजरंतनं सुटली व्हती ती. गोड बंद करा म्हनले. बस, तेवढंच!"

शिवकन्याबाईंनी कपाळाला हात लावला. "आन मी तीन पोळ्या खाऊ घातल्या!"

"आन उन्हात टोपी घालून फिरा म्हनले, म्हंजे भोवळ येणार न्हाई," अमरसिंह म्हणाला.

सटवाने दुधाचा तांब्या हळूच आपल्या पाठीमागे सरकवला.

"मग..." आबांनी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "मग फोटो कावून काढला?"

अमरसिंहाने तेजश्रीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. तिला प्रश्न नीट कळायच्या आतच ती रडकुंडीला येऊन बोलायला लागली.

"आबा, मी तुम्हालाच फोन करणार होते! सगळा रोल वाया गेला हो! आज धुतला. एकही फोटो आलेला नाही. सगळा कोरा!"

"कोरा? म्हंजे?"

"भिंगावरचं झाकण काढायलाच विसरले! या कॅमेऱ्यात खिडकी वेगळी असते ना, झाकण लावलेलं असलं तरी तिच्यातून सगळं स्वच्छ दिसतं. दोन्ही लेन्सना झाकणं होती, दोन्ही वेळा तशीच राहिली. तुमचा नाही आला, घराचा नाही आला, सटवामामांच्या एडक्याचाही नाही!"

"मला तवाच शंका आलती!" आबा ओरडले. "काळंकुट्ट होतं! चमक नव्हती! मला तवाच शंका आलती!"

"मग बोलला का नाहीत?"

"तू श्वास धराया सांगितलास ना!"

एवढ्या सगळ्या भानगडीत आबांनी घेतलेली एकच शंका खरी निघाली होती, आणि नेमकी तीच त्यांनी तोंडाबाहेर काढली नव्हती. फोन बंद झाल्यावर शिवकन्याबाईंनी विचारलं, "पण तुमी आज बीडला कशाला गेलता?" आबांनी सांगितलं. मग भिंतीकडे बघत ते म्हणाले, "खुर्चीबी गेली अन् फोटोबी न्हाई."

पुढचे दिवस आबांना फार जड गेले. उत्तरेश्वर चेअरमनच्या खुर्चीत बसला. त्याने शब्द पाळायचा म्हणून बीडहून चंदनाचा हार आणून टेबलाच्या खणात ठेवला होता. आबा रस्त्यात भेटले की तो काळजीने विचारायचा, "आबा, तब्येत कशीय?" आबा म्हणायचे, "ठणठणीत!" मग उत्तरेश्वरचा चेहरा असा पडायचा की आबांना कोयता घेऊन त्याच्या मागे लागावंसं वाटायचं. खुर्चीवरच्या त्या खिळ्यावर त्याने तूर्तास खताच्या कंपनीचं कॅलेंडर टांगून ठेवलं होतं.

पुढच्या सुट्टीत तेजश्री पुन्हा आली. गळ्यात तोच कॅमेरा.

"आबा, या वेळी झाकण खिशात टाकलंय. हे बघा!" तिने कॅमेरा पुढे केला. भिंग लखलखत होतं आणि त्यात आबांना आपली टोपी चिमुकली दिसली. "बसा खुर्चीत. या वेळी नक्की येणार!"

आबा खुर्चीत बसले. टोपी नीट केली. मग काय वाटलं कोणास ठाऊक, एकदम उठून उभे राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली होती.

"माझा ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तू आदी सोसायटीत जा. नव्या चेअरमनचा काढ. चांगलं सरळ बसव त्याला खुर्चीत. हसू देऊ नको."

"बरं. कशासाठी म्हणून विचारलं तर?"

"म्हनायचं, असाच. आठवण."

"रंगीत रोल पण आहे माझ्याकडे."

"न्हाई, न्हाई. काळापांढरा."

तेजश्री निघाली. आबांनी तिला दारातून परत हाक मारली.

"अन् तेजू! त्याच्या डोक्यावर खिळ्याला कॅलेंडर असंल. ते आदी काढून घे. निघताना परत लावू नको."